मामांची टकटक

पेण आणि रोह्याच्या दरम्यान माणसाला वैताग आणणाऱ्या गोष्टींची अजिबात टंचाई नाही. महामार्गाची धूळ आहे, भर पावसात जाणारी वीज आहे, खाडीवरून संध्याकाळी ताफ्याने येणारे डास आहेत. पण या सगळ्या गोष्टी एका पारड्यात घाला आणि दुसऱ्या पारड्यात माझ्या बायकोच्या मामांना नुसतं टेकू द्या. मामांचं पारडं धाडकन जमिनीला लागेल. मामा वजनाने पंचेचाळीस किलो असतील नसतील. छत्री, पिशवी आणि चष्म्याचं घर धरून पन्नास. एवढ्याशा कुडीत दुसऱ्याचं डोकं उठवण्याची एवढी ताकद देवाने कशी बसवली, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाली तरी उलगडलेलं नाही.

मामा रोह्याला एका शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्त झाले, पण ते शाळेपुरते. मुलं सुटली आणि आम्ही सापडलो. बरं, इंग्रजीतलं सगळंच त्यांना प्रिय आहे असंही नाही. काळ, वचन, प्रयोग या गोष्टींकडे ते दूरच्या भावकीकडे बघावं तसं बघतात. त्यांचा जीव आहे तो दोन शब्दांचं लग्न लावून तयार झालेल्या विशेषणांवर. ओल्ड-फॅशन्ड, शॉर्ट-साइटेड, ॲब्सेंट-माइंडेड, वॉटरप्रूफ. अशा शब्दात सिलेबल किती, त्यातलं कुठलं जोरात म्हणायचं, कुठलं हळू, आणि त्या दोन शब्दांनी एकमेकांशी सोयरीक का केली, यापलीकडे मामांना जगात काही दिसत नाही. आणि हे सगळं ते नुसतं तोंडाने सांगत नाहीत, वाजवून दाखवतात. हलक्या सिलेबलला तर्जनीचं नख, आणि आघात असेल तिथे मधल्या बोटाचं पेर. म्हणजे ॲब्सेंट-माइंडेड हा शब्द आमच्या डायनिंग टेबलावर टिक, टिक, टक, टिक असा उमटतो. टेबल नसेल तर ताट, ताट नसेल तर खिडकीचा गज, आणि काहीच नसेल तर समोरच्याचा गुडघा. एकदा त्यांना जेवताना पेणचा पापड भाजून वाढला होता. त्यांनी त्याच्यावर बॅड-टेम्पर्ड वाजवून दाखवलं, आणि दुसऱ्याच सिलेबलला पापडाचे कण माझ्या वरणात आले. तेव्हापासून आमच्याकडे मामांना पापड तळून देतात आणि तोही चुरून.

मला हे सगळं लग्नाआधी कळायला हवं होतं. कारण मुलगी बघायला गेलो तेव्हाच मामांनी धोक्याची सूचना दिली होती. बाकीचे लोक मला कारखान्याबद्दल विचारत होते. आमचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, वडिलांनी उभा केलेला. मूर्ती किती होतात, माणसं किती आहेत, अशी रीतसर चौकशी चालू असताना कोपऱ्यातून एक किरकिरा आवाज आला, "वेल-बिहेव्ड म्हणून दाखवा बघू." मी म्हणून दाखवलं. मामांनी कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखे डोळे मिटले. मग होणाऱ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा सालस आहे, पण आघात भलतीकडे करतो." सासरे हबकले. त्यांना वाटलं मी हात उगारणाऱ्यातला आहे. आमच्या आळीत दोन दिवस गुपचूप चौकशी चालली होती, आणि माझं लग्न केवळ शेजाऱ्यांच्या दाखल्यावर झालं.

मामांचा वार ठरलेला आहे, सोमवार. सकाळच्या एसटीने रोह्याहून निघायचं, आमच्याकडे जेवायचं आणि उजेड असताना परत जायचं. रोह्याच्या स्टँडवर धाटावच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून आलेली माणसं चहा घेत उभी असतात. त्यांना मामा 'टकटक मास्तर' म्हणून माहीत आहेत. एकदा त्यांनी त्यातल्या एकाच्या हातातला जाड मोजा ओढून घेतला आणि स्टँडच्या बाकावर वाजवायला सुरुवात केली. ॲसिड-प्रूफ, फायर-प्रूफ, वॉटर-प्रूफ, ज्याच्या शेपटाला प्रूफ लागलं त्याचा आघात डोक्यावर. तो माणूस आठ तास उभं राहून आलेला, डोळे तारवटलेले. तो म्हणाला, "मास्तर, मोजा द्या इकडं. ह्यो हरवला तर आमचा सुपरवायझर आघात कुठं करंल ते तुमाला नाय म्हाईत." मामांनी मोजा परत दिला, पण त्या वाक्यातलं 'सुपरवायझर' त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गाडीत बसल्यावर तरी माणसाने गप्प बसावं. मामा कंडक्टरला एक नियम समजावत असतात. आम्हाला सगळ्यांना तो पाठ आहे. एखादा माणूस बॅड-टेम्पर्ड आहे असं नुसतं सांगितलं तर जोर 'टेम्पर'वर येतो; पण बॅड-टेम्पर्ड मॅन म्हटलं, की पुढे 'मॅन' येऊन बसल्यामुळे तो जोर मुकाट्याने मागे सरकतो आणि 'बॅड'वर जातो. "बघा," मामा म्हणतात, "पुढे माणूस आला की शब्द सरकून जागा देतो. तुमच्या गाडीत देतं का कुणी?" हे ते खिडकीची जागा अडवून, शेजारी पिशवी ठेवून विचारतात. एकदा खांबला गाडी दोन मिनिटं थांबली. रस्त्याकडेच्या हॉटेलवर 'होम-मेड' जेवणाची पाटी होती. मामा उतरले, गल्ल्यावरच्या माणसाला हा शब्द म्हणायला लावलं, त्याने तो चुकीचा म्हटला, मामांनी त्याच्या काउंटरवर बरोबर वाजवून दाखवला, आणि मागे वळून बघतात तो गाडी नागोठण्याच्या वाटेला लागलेली. त्या दिवशी मामा आमच्याकडे भुशाच्या पोत्यांवर बसून टेम्पोने आले. डोक्यापासून पायापर्यंत भुसा. चेहरा मात्र हॉटेलवाल्याला सुधारल्याच्या आनंदाने फुललेला.

रोह्याला मामी आहेत. त्या कधी तक्रार करायच्या झाल्या तर माझ्या बायकोला फोन करतात. "काय सांगू गो तुला," त्या म्हणतात, "भाकरी थापताना माज्या हातावर लक्ष ठेवतात आनि म्हनतात, तुजी तिसरी थाप जोरात पडते. आता भाकरीत पन यांचं इंग्लिश हाय." बायको हसते. मला हसू येत नाही, कारण फोन ठेवताना मामी हमखास म्हणतात, "सोमवारी धाडते त्यांना."

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं, त्याशिवाय मामांचा मोठा गुन्हा लक्षात यायचा नाही. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा कारखान्यात आखणी करत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती शाडूची असो की कशाचीही, रंग कितीही देखणा असो, डोळे उतरल्याशिवाय ती मूर्ती होत नाही, आणि आप्पांनी काढलेले डोळे ओळखून लोक मूर्ती मागत. आमच्या कारखान्याचा एक कडक नियम होता. आप्पांनी आखणीची कुंचली उचलली की पंखा बंद, रेडिओ बंद, फोन बंद. कुणी बोलायचं नाही, शिंकायचंही नाही. वरच्या पापणीची रेघ सुरू होताना आप्पा श्वास रोखत आणि रेघ पुरी झाली की सोडत. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर श्वास रोखत आलो आहे. गिऱ्हाइकंसुद्धा दारात चपला काढून गुपचूप उभी राहत.

तीन पावसाळ्यांमागे, ऐन मोसमात, मामा सोमवारी आले आणि आंबा नदीला पूर चढला. नागोठण्याला रस्ता पाण्याखाली. मामा अडकले. एक सोमवार आम्ही दात आवळून सोसत असू, त्या वर्षी सलग चार दिवस सोसले. पहिल्या दिवशी घर वाजवून झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीच्या कंपासपेटीवर ताबा मिळवला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हात जोडून सांगितलं, की मामा, काहीही करा, पण कारखान्यात पाऊल ठेवू नका, आप्पांची आखणी चालू आहे. मामांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना माजघरात बसल्या बसल्या साक्षात्कार झाला.

ते कारखान्यात धावतच आले. आप्पा एका मोठ्या मूर्तीसमोर पाटावर बसलेले, श्वास रोखलेला, डाव्या डोळ्याची रेघ अर्ध्यावर. "आप्पासाहेब!" मामा ओरडले, "लंबोदर! एकदंत! गजानन! अहो, लांब ज्याचं उदर तो! ही सगळी जोडविशेषणंच! तुमचा अख्खा कारखाना त्यांनी भरलाय आणि मला एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नाही!" आणि मूर्ती ज्या फळीवर होती त्याच फळीवर त्यांनी लंबोदर वाजवला. टिक, टिक, टक.

कुंचली सरकली. देवाच्या डोळ्यापासून कानापर्यंत काळी रेघ गेली.

आमच्याकडे रंगकाम करणाऱ्या हिराताईंनी तोंडावर पदर धरला. आप्पांनी कुंचली धुतली, पुसली, डब्यात उभी ठेवली. मग मामांकडे न बघता म्हणाले, "मामासाहेब, पाणी उतरलंय. रोह्याची गाडी चालू झाली असेल. निघा." मामांनी छत्री घेतली. जाताना ते काहीतरी म्हणायला वळले होते, पण आप्पांनी पाठ फिरवली. त्यानंतर दीड वर्ष आप्पा मामांशी एक शब्द बोलले नाहीत. मामा सोमवारी येत राहिले, पण ओटीवरच बसत, आणि आप्पा मागच्या दाराने कारखान्यात जात. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. घरातली टकटक निम्म्यावर आली होती.

गेल्या शिमग्याच्या सुमारास आप्पांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात हळूहळू थोडा सुधारेल, डॉक्टर म्हणाले, पण बोलणं यायला वेळ लागेल, त्यांना बोलतं ठेवा. आप्पांना सगळं समजत होतं. हिराताई येऊन विचारायच्या, "आप्पा, ह्या डोळ्याची बुबुळं जरा वर घेऊ का वो?" आणि आप्पांच्या डोळ्यांत उत्तर तयार दिसायचं. पण तोंडातून नुसता घोगरा हुंकार यायचा. पहिले आठ-दहा दिवस त्यांनी खटपट केली. ओठ हलवायचे, घाम यायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. मग एका सकाळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि प्रयत्न करणंच सोडून दिलं. आम्ही बोलायचो, ते डोळे मिटायचे. मला त्यांच्या न बोलण्याची भीती नव्हती, त्यांनी बोलणं सोडून दिल्याची होती. आप्पा हातातली रेघ अर्ध्यावर टाकणारे नव्हते.

अशा वेळी मामा आले, आणि सोमवार नसताना. छत्री ओटीवर टेकली आणि सरळ आप्पांच्या खोलीकडे वळले. बायको आडवी आली. "मामा, नको. तुम्हाला बघून आप्पा चिडतील." मामा म्हणाले, "चिडू देत. चिडलेला माणूस कधीतरी बोलतो." आणि आत जाऊन खाटेशेजारी बसले. आप्पांनी त्यांना पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. राग होता तो, शुद्ध. मामांनी त्यांचा चांगला असलेला डावा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने वाजवलं, "लं-बो-दर." आप्पांनी हात हिसकावून घेतला. मामांनी तो पुन्हा घेतला.

मामा दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. एप्रिलच्या उन्हात रोज रोह्याहून एसटी, रोज तोच प्रकार. इंग्रजी एक अक्षर नाही. गणपतीची नावं, घरातल्या माणसांची नावं, पाणी, चहा, उशी. प्रत्येक शब्दाचे तुकडे करायचे, तळव्यावर नख आणि पेर वाजवायचं, आणि शेवटचा तुकडा न म्हणता थांबायचं. "ए-क..." आणि थांबायचं. आप्पा भिंतीकडे बघायचे. मामा वाट बघायचे. घड्याळ बघवत नसे इतका वेळ वाट बघायचे. मग स्वतःच "दंत" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी पार वैतागलो होतो. कारखान्याची आणि आप्पांच्या खोलीची भिंत एकच. आखणीला आता हिराताई बसत होत्या, आधीच हात बिचकत होता, आणि पलीकडून टिक टिक टक चालू. "दादा, मामांना सांगा की कायतरी," हिराताई म्हणाल्या, "माजा हात हलतोय. आप्पांच्या टायमाला टाचनी पडली तरी चालायची नाय." मी दोनदा मामांशी बोलायला म्हणून उठलो. दोन्ही वेळा दारातून पाहिलं तर मामांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटलेली, आणि आप्पांनी हात ओढून घेतलेला नव्हता. मी परत आलो. पण आल्यावर चडफडलो, हेही खरं.

तेवीस दिवस असे गेले. चोविसाव्या दिवशी मी कुठलासा रंग आणायला घरात आलो होतो. आतून "ए-क..." ऐकू आलं, नेहमीसारखी शांतता पडली, आणि ती शांतता लांबली. मी दारात गेलो. आप्पांनी डोळे मिटले होते. श्वास रोखला होता, अगदी पापणीची रेघ घेताना रोखत तसा. मी पण रोखला. मग त्यांनी मामांच्याच तळव्यावर बोट टेकवलं, एकदा जोरात, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दंत."

मामांनी काही वाजवलं नाही. आप्पांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ओठ थरथरत होते, कपाळावर घाम. मग एकेक तुकडा जड पोतं उचलावं तसा उचलत, प्रत्येकाला मामांच्या हातावर बोट आपटत ते बोलले, "रो-ह्या-ची... गा-डी... नि-घा."

दीड वर्षांचा अबोला, तो असा सुटला. बायको माझ्यामागे येऊन उभी होती, ती रडायला लागली. मला वाटलं मामा आता नाचतील, टेबल, खाट, माझं डोकं, जे सापडेल ते वाजवतील. ते उठले. "निघतो, आप्पासाहेब," म्हणाले, आणि खरोखरच निघाले. बावीस वर्षांत निघा म्हटल्यावर मामा निघाले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा आप्पांच्या शब्दावर. मी त्यांना सोडायला बाहेर आलो तर ते अंगणात छत्री उघडून उभे होते. ऊन डोक्यावर होतं, छत्री चेहऱ्यासमोर धरलेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग मामांचा किरकिरा आवाज, "सात सिलेबल. सलग सात! आणि आघात सगळे जागच्या जागी."

आता आप्पा बोलतात. भरभर नाही, पण बोलतात, आणि बोलताना डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरतात. ते आता आखणीला बसत नाहीत, हिराताईंच्या शेजारी खुर्चीवर बसतात. बुबुळ वर घ्यायचं असलं की खुर्चीच्या हातावर एकदा पेर वाजवतात, खाली घ्यायचं असलं की नख. कारखान्यातला शांततेचा नियम असा कायमचा बुडाला. हिराताईंचा हात मात्र त्या आवाजाने हलत नाही. मामा सोमवारी येतात, आखणी चालू असली तरी सरळ आत येतात. दोघं म्हातारे एकमेकांना विशेषणं वाजवून दाखवतात आणि मी माझ्या कारखान्यात पाहुण्यासारखा वावरतो. या माणसाने माझं डोकं उठवलं, माझ्या वरणात पापड पाडला, माझ्या मूर्तीचा डोळा बिघडवला, आणि आता माझ्या बापालाही आपल्यासारखं करून ठेवलं आहे. त्यांच्यावर नीट चिडायची सोयसुद्धा त्यांनी ठेवलेली नाही.

या सोमवारी मामा आले नाहीत. सकाळीच मामींचा फोन आला होता. "गुडघा धरलाय गो त्यांचा," त्या बायकोला म्हणाल्या, "पायरी उतरवत नाय. आता किती दिस लागतील देव जाणे. आप्पांना निरोप द्या." निरोप द्यायचं काम माझ्यावर आलं, आणि मी ते सकाळपासून टाळत होतो. दुपारी कारखान्यात गेलो तर शांतता. हिराताई डोळा काढत होत्या, पंखा बंद होता, आणि ज्या शांततेसाठी मी एवढा चडफडलो होतो ती आयती समोर होती. मला ती सोसेना.

आप्पा दाराकडे तोंड करून बसले होते. मला बघून त्यांनी गुडघ्यावर बोट टेकवलं.

"रो-ह्या-ची गा-डी," ते म्हणाले, "आ-ली?"

माझा हात खिशात होता. आतल्या आत बोट मांडीवर आपटत होतं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ठोके सात होते.

"आज नाही, आप्पा," मी म्हणालो. "पुढच्या सोमवारी आपणच रोह्याला जाऊ."